आधी कोणाला कळते?

एचआयव्हीची चाचणी माणसाने स्वतःच्या हाताने, घरच्या घरी, कुणालाही न सांगता करावी काय, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे होते तेव्हा ती बहुधा दोन अंगांनी होते. डॉक्टर मंडळी अचूकतेविषयी विचारतात आणि समाजाची काळजी वाहणारी मंडळी परिणामांविषयी. चाचणी चुकली तर काय? आणि बरोबर येऊन त्या माणसाने जिवाचे काही बरेवाईट करून घेतले तर काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांकडे आम्ही येणारच आहोत. पण आम्हांला या विषयातला तिसराच प्रश्न अधिक मूलभूत वाटतो. कादंबरी शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी विचारतो, की ही बातमी पात्राला आधी कळली, निवेदकाला कळली, की वाचकाला? या क्रमावर कादंबरीतली सत्ता कोणाच्या हाती आहे हे ठरते. आजाराच्या बातमीलाही असा क्रम असतो. भारतात एचआयव्हीच्या बाबतीत हा क्रम गेली चाळीस वर्षे बहुतांशी उलटा राहिला आहे, आणि स्वतःच्या हाताने करावयाच्या चाचणीचे महत्त्व तिथे आहे, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम त्या वस्तूविषयी थोडे. संचात एक चपटी काडी असते. तिचे मऊ टोक वरच्या व खालच्या हिरडीवरून एकेकदा फिरवायचे, सोबतच्या कुपीतल्या द्रावणात उभे करायचे आणि वीस मिनिटांनंतर, पण चाळीस मिनिटांच्या आत, काडीवरच्या रेघा वाचायच्या. काही संचांत हिरडीऐवजी बोटाला टोचून रक्ताचा थेंब घ्यावा लागतो. एक रेघ उमटली तर चाचणी नीट पार पडली एवढे कळते. दोन उमटल्या तर पुढची तपासणी हवी. संच विषाणू पाहत नाही. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे तो पाहतो. अमेरिकेत १९९६ मध्ये घरी रक्ताचा थेंब घेऊन टपालाने प्रयोगशाळेकडे पाठवण्याच्या पद्धतीला मान्यता मिळाली. निकाल दूरध्वनीवर कळे. निकाल घरीच वाचता येईल अशा पहिल्या संचाला तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिली ती जुलै २०१२ मध्ये. ब्रिटनमध्ये असे संच विकणे २०१४ च्या एप्रिलपर्यंत बेकायदा होते. पहिला अधिकृत संच तिथे २०१५ मध्ये बाजारात आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या अखेरीस या चाचणीची शिफारस केली. मधल्या वर्षांतला विलंब केवळ तंत्राचा नव्हता. एवढी मोठी बातमी माणसाला एकट्याने वाचू द्यावी का, हा वाद त्या विलंबात मुरलेला होता.

आता आपल्याकडचा क्रम पाहू. १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे) आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी भारतातले पहिले एचआयव्हीबाधित रक्तनमुने शोधून काढले. ते नमुने होते देहविक्रयाच्या व्यवसायातून धरून आणून सरकारी गृहात ठेवलेल्या स्त्रियांचे. संशोधन धाडसाचे होते, आणि डॉ. सॉलोमन यांनी पुढचे सारे आयुष्य बाधितांच्या उपचारांना दिले, हे आदराने नोंदवले पाहिजे. तरीही इतिहासात नावे उरली ती तपासणाऱ्यांची. ज्यांच्या शरीरातून ही बातमी देशाला कळली, त्या स्त्रिया नमुन्यांच्या संख्येत विरून गेल्या.

तीन वर्षांनी गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाच्या बाबतीत जे घडले ते अनेकांना २००५ च्या ‘माय ब्रदर... निखिल’ या हिंदी चित्रपटामुळे ठाऊक झाले. हा तरुण नियमित रक्तदान करी. दान केलेल्या रक्ताच्या तपासणीतून त्याची स्थिती रक्तपेढीला कळली, आरोग्य खात्याला कळली, पोलिसांना कळली. तो स्वतः या रांगेत सर्वांच्या मागे उभा होता. १९८९ च्या फेब्रुवारीत त्याला ताब्यात घेऊन म्हापशाच्या वापरात नसलेल्या क्षयरुग्णालयात ठेवण्यात आले. चौसष्ट दिवस तो तिथे स्थानबद्ध होता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ती रद्द केली नाही. दान देणाऱ्याला आपल्या दानातून असे प्रतिदान मिळावे, याहून विदारक उपरोध एखाद्या नाटककारालाही सुचला नसता.

याच न्यायालयाने १९९७ मध्ये ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ या खटल्यात मात्र वेगळी वाट धरली. सार्वजनिक क्षेत्रातल्या एका महामंडळातला रोजंदारी कामगार नोकरीत कायम होण्याच्या बेतात असताना त्याची वैद्यकीय तपासणी झाली, त्यात एचआयव्ही निघाला आणि त्याचे काम गेले. काम करण्यास समर्थ असलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीच्या कारणाने काम नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. शिवाय त्याला नाव न उघड करता दाद मागू दिली. निकाल मोठा आहे. पण इथेही क्रम तोच: आधी मालकाला कळले, मग मजुराला.

सर्वांत विचित्र उदाहरण सरकारी पाहणीचे आहे. १९९८ पासून देशभर ठराविक काळाने गरोदर स्त्रियांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण मोजले जाई. प्रसूतिपूर्व तपासणीसाठी घेतलेल्या रक्तातला उरलेला भाग नाव-पत्ता काढून टाकून तपासत. शास्त्रदृष्ट्या याची कारणे होती: निनावी नमुन्यामुळे कोणाची बदनामी होत नाही आणि आकडा खरा मिळतो. परंतु याचा साधा अर्थ असा, की त्या रक्तात एचआयव्ही आहे हे राष्ट्राला कळे आणि जिचे रक्त तिला या मार्गाने कधीच कळत नसे. पुढे गरोदरपणातली चाचणी तिच्या उपचारांसाठी नियमित होऊ लागली. तिने असंख्य बालके वाचवली, यात शंका नाही. पण त्यातून घरातली पहिली चाचणी सुनेची होऊ लागली. ज्याच्यापासून तिला लागण झाली त्याची चाचणी नंतर, किंवा कधीच नाही. ‘हिनेच आणले’ हे वाक्य किती घरांत बोलले गेले असेल! ज्याची चाचणी आधी, त्याचा दोष आधी, हा आपल्या समाजाचा अलिखित न्याय आहे.

या पार्श्वभूमीवर हिरडीवरून फिरवायच्या त्या काडीकडे पाहावे. इथे प्रथमच बातमी ज्याची त्याला आधी मिळण्याची शक्यता आहे. ती कोणाला सांगायची, कधी सांगायची, हे त्याने ठरवायचे आहे. म्हणून आम्ही या चाचणीच्या बाजूने आहोत.

यावर येणारा पहिला आक्षेप आत्महत्येचा. एकट्या माणसाला ही बातमी झेपणार नाही, तिथे समुपदेशक हवा, असे म्हणतात. समुपदेशकांविषयी आम्हांला आदर आहे. तुटपुंज्या मानधनावर ही माणसे रोज जे ऐकतात आणि पोटात ठेवतात, त्याची कल्पना बाहेरच्यांना येणार नाही. पण त्यांच्यापर्यंत पोहोचायचे कसे? सरकारी रुग्णालयात एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्राची खोली कोणती, हे तालुक्याच्या गावी सगळ्यांना ठाऊक असते. तिच्या बाहेरच्या बाकावर बसणे म्हणजे अर्धा निकाल जाहीर करणे. तिथे जाण्याऐवजी दुसऱ्या जिल्ह्याचे तिकीट काढणारी माणसे आहेत, आणि मुळीच न जाणारी त्याहून अधिक. आफ्रिकेत मलावी देशातल्या ब्लँटायर शहराच्या वस्त्यांमध्ये लोकांना असे संच देऊन मोठा अभ्यास झाला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांनी संच मोठ्या प्रमाणावर वापरले आणि ज्या आत्महत्यांची धास्ती होती त्या घडल्याची नोंद झाली नाही. नोंद झाली ती वेगळ्याच गोष्टीची. काही लोकांनी, संख्येने थोड्या, सांगितले की आपल्या जोडीदाराने आपल्याला ही चाचणी करायला भाग पाडले.

ज्याची भीती घातली जात होती ते घडले नाही आणि ज्याचा फारसा विचार झाला नव्हता ते थोडे का होईना घडले. आमच्या मते आपल्याकडच्या चर्चेनेही आपली भीती या दिशेला वळवली पाहिजे. एकटेपणाचे भय आपण फार बाळगतो. आपल्या घरांत खरी टंचाई एकटेपणाचीच आहे.

‘घरी चाचणी’ या शब्दांत एक खोली गृहीत धरलेली आहे, आणि त्या खोलीला आतून कडी. वीस ते चाळीस मिनिटे कोणी दार ठोठावणार नाही, असेही त्यात गृहीत आहे. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहणाऱ्या घरात, सामाईक संडासाबाहेर रांग असलेल्या चाळीत किंवा वाड्यातल्या एकत्र कुटुंबात ही वीस मिनिटे कुठून आणायची? ‘दार नुसते लोटून घे, कडी कशाला लावतेस?’ हे वाक्य ज्या घरांत सहज बोलले जाते, तिथे लावलेली कडी हीच एक बातमी असते. पुरुषाला निदान मित्राची खोली असते, वसतिगृह असते, कामावरची रात्रपाळी असते. बाईला काय असते? म्हणून ‘घरगुती चाचणी’ हा शब्दप्रयोग आम्हांला मान्य नाही. एक तर तो घरगुती उपाय, घरगुती मसाले यांच्या पंक्तीत जाऊन बसतो. आणि दुसरे, तो भर देतो तो घरावर. ‘स्वचाचणी’ हा शब्द थोडा शुष्क आहे, पण त्याचा रोख बरोबर आहे. ज्याचे शरीर त्याच्या हातून, त्याच्या इच्छेने. मग ती घरात होवो, की घरापासून दूर होवो.

दुसऱ्याच्या हातात पडलेली काडी काय करील याची कल्पना करणे कठीण नाही. आपल्याकडे लग्न जमवताना पत्रिका पाहतात, पगाराची स्लिप पाहतात, आजोळची चौकशी करतात. त्यात ही एक भर पडेल. ‘एवढी काडी हिरडीवरून फिरव. लपवायचे काही नसेल तर हरकत कशाला?’ हा प्रश्न सौम्य आवाजात, चहाचा कप पुढे करीत विचारता येतो, आणि त्याला नकार देणे म्हणजे कबुली देणे ठरते. गोव्यात २००६ मध्ये विवाहपूर्व चाचणी सक्तीची करण्याचा विचार सरकारी पातळीवर झाला होता. त्यावर देशभर टीका झाली. सरकारने सक्ती केली तर निदान निवेदन देता येते, मोर्चा काढता येतो. भावी सासरच्या दिवाणखान्यात मोर्चा कुठून आणणार? लग्नाआधी दोघांनी मिळून, आपखुशीने चाचणी करून घेण्याला आमचा मुळीच विरोध नाही. आमचा विरोध आहे तो काडी एकाच्या तोंडात आणि डोळे चौघांचे रेघेवर, या दृश्याला.

२०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा (अंमल १० सप्टेंबर २०१८ पासून) या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. त्याचे पाचवे कलम सांगते, की माहितीपूर्ण संमतीखेरीज कोणाही व्यक्तीची एचआयव्ही चाचणी करता येणार नाही. आणि संमतीत चाचणीपूर्वीचे व नंतरचे समुपदेशन धरलेले आहे. शब्दशः घेतले तर या निषेधात डॉक्टर आणि मालक येतात तसे नवरा आणि सासूही येतात. पण स्वचाचणीत चाचणी ‘केली’ कोणी? काडी तिच्याच हातात होती, संमती नव्हती हे ती कसे दाखवणार? याच कायद्याचे नववे कलम अधिक जाणते आहे. जोडीदाराला स्थिती कळवण्यासंबंधीचे ते कलम आहे, आणि कळवल्याने हिंसा किंवा त्याग ओढवण्याची सकारण भीती असेल तर, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, त्यात अपवाद ठेवला आहे. घर ही जागा नेहमीच सुरक्षित नसते, हे कायदा लिहिणाऱ्यांना उमगले होते. संच विकणाऱ्यांना ते कळले पाहिजे.

आता अचूकतेकडे. अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता देताना जे आकडे जाहीर झाले त्यांनुसार, सामान्य माणसाने स्वतः केलेल्या चाचणीत बाधित असलेल्या साधारण बारा जणांपैकी एकाची बाधा निसटते. आणि बाधा नसलेल्या पाच हजारांत एखाद्याला ती आहे असे दिसते. आकडे ऐकायला उत्तम आहेत. पण ते भारताच्या मापाने लावून पाहावेत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते, पैकी जवळपास ३.९४ लाख महाराष्ट्रात. प्रौढांमधले देशातले प्रमाण ०.२१ टक्का. म्हणजे दहा हजार लोकांत बाधित सुमारे वीस. संच त्यांतल्या अठरांना दाखवील, दोघे निसटतील. उरलेल्या नऊ हजार नऊशे ऐंशींपैकी दोघांना बाधा नसताना दुसरी रेघ दिसेल. दोन रेघा पाहणारे एकूण वीस. त्यांतले दोघे निरोगी. दहात एक! एवढ्या मोठ्या बातमीत ही शंका थोडीथोडकी नव्हे, आणि जिथे बाधेचे प्रमाण याहून कमी तिथे ती आणखी वाढते. म्हणूनच सरकारी केंद्रात एका चाचणीवर निदान करीत नाहीत. निरनिराळ्या तीन चाचण्या जुळल्या तरच करतात.

आणि इथे प्रश्न पुन्हा भाषेच्या अंगणात येतो. इंग्रजी माहितीपत्रकांत दुसऱ्या रेघेला ‘पॉझिटिव्ह’ म्हणण्याचे बहुधा टाळतात, ‘रिअॅक्टिव्ह’ म्हणतात. कारण ते निदान नव्हे. मराठीत या भेदाचे काय करायचे? ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द आपल्या बोलण्यात शिक्क्यासारखा बसला आहे. त्याचे ‘सकारात्मक’ असे भाषांतर केले की हसावे की रडावे कळत नाही. ‘प्रतिक्रियाशील’ लिहिले तर पदवीधरालाही दोनदा वाचावे लागेल, आणि तो वाचत असताना त्याचे हात कापत असतील हे भाषांतरकाराने विसरू नये. सुसान सोंटॅगने १९८९ मध्ये एड्सभोवतीच्या रूपकांवर एक पुस्तक लिहिले, त्याला आता साडेतीन दशके उलटली. आपल्याकडे रूपके दूरच, साधी विधानेही अजून नीट घडलेली नाहीत. पारिभाषिक शब्द घडवण्याची आमच्या बिरादरीला हौस आहे, पण या पत्रकात ती आवरावी. ‘दोन रेघा आल्या. हे निदान नाही. केंद्रात जाऊन तपासून घ्या. तिथे तपासणी फुकट आहे, औषधेही फुकट आहेत.’ एवढे पुरे. मोफत औषधे देशात २००४ पासून मिळतात. २०१७ पासून बाधा आढळताच ती सुरू करता येतात. आणि ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला, की शरीरसंबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. हे शेवटचे वाक्य पत्रकाच्या पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत हवे. त्याच्याइतके बळ देणारे दुसरे वाक्य या विषयात आम्हांला माहीत नाही.

एका रेघेविषयीही तितक्याच स्पष्टपणे लिहावे लागेल. प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो. तेव्हा धोक्याचा प्रसंग तीन महिन्यांच्या आतला असेल तर एका रेघेवर विसंबता येत नाही. ‘विंडो पिरियड’चा ‘गवाक्ष काल’ करून हे साधणार नाही. ‘तीन महिने’ असे आकड्यातच सांगावे. तसेच जे आधीपासून औषधे घेत आहेत त्यांनी हा संच वापरू नये. औषधांमुळे प्रतिपिंडे कमी होऊन एकच रेघ दिसू शकते, आणि ‘बरा झालो’ म्हणून गोळ्या थांबवणारा माणूस स्वतःचा घात करून घेईल.

आपल्या लोकांना हे जमेल का, अशी शंका शहरी मंडळींना नेहमी येते. करोनाच्या काळात तिचे परस्पर निरसन झाले आहे. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या घरी करावयाच्या करोना चाचणीला आयसीएमआरने मान्यता दिली, आणि आजीपासून नातवापर्यंत सगळे ‘सी’ आणि ‘टी’च्या रेघा वाचायला शिकले. पण त्या चाचणीत पट्टीचे छायाचित्र मोबाईल ॲपवर चढवणे बंधनकारक होते. साथीच्या काळात ते क्षम्य होते. एचआयव्हीच्या संचाला असली शेपटी जोडली, तर जो क्रम उलटवायचा त्यालाच आपण पुन्हा सरळ करून देऊ: आधी सर्व्हरला कळेल.

उरली व्यवहाराची गोष्ट. गावातल्या मेडिकलवाल्याला आपली तीन पिढ्यांची औषधे तोंडपाठ असतात, त्यामुळे संच केवळ त्याच्या गल्ल्यावर ठेवून भागणार नाही. आशाताई, स्वयंसेवी संस्था, टपाल, महाविद्यालयाचा आरोग्य कक्ष, असे अनेक मार्ग लागतील. १०९७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक संचावर छापावा, मात्र फोनवर बोलायलाही पुन्हा एक खोली लागते, हे ध्यानात ठेवून लिहून विचारण्याची सोय असावी. आणि वापरलेल्या काडीचे काय करायचे, हे कोणीतरी सांगावे. घरातला कचरा घरातलेच कोणीतरी घंटागाडीत टाकते, आणि टाकण्यापूर्वी पाहते. संचातच एक जाड, अपारदर्शक पिशवी घातली तर फारसा खर्च येणार नाही. ती काळी मात्र नसावी. मेडिकलमधून काळ्या पिशवीत काय येते, हे आता गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक झाले आहे.